ओला चिमटा

माझ्या जावेचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना कोणी माझी बाजू घ्यायला नको. लोक हेवा करतात आणि त्याला भलतीच नावं देतात. कोणी काळजी म्हणतं, कोणी शिस्त म्हणतं. मी चौदा वर्षं भट्टीपुढे बसलेली बाई आहे, मला असली गोड नावं जमत नाहीत.

आमच्या कारखान्यात बाँड होतात. विजेच्या गाडीला वीज मिळते वरच्या तारेतून, आणि काम आटोपलं की ती परत जाते रुळांमधून. पण रूळ काही अखंड नसतो. ठरावीक अंतरावर जोड येतो, जोडात फट असते, आणि बाहेरून आवळलेल्या गंजक्या पट्ट्यांच्या भरवशावर कोणी वीज सोडत नाही. म्हणून एका रुळाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तांब्याच्या बारीक तारांचा हातभर जुडगा बसवतात. तोच बाँड. एकशे तेहतीस तारा, दोन्ही टोकांना तांब्याच्या जाड टोप्या, वरून कापडी पट्टीचं वेष्टण. तो मऊ असावा लागतो. गाडी गेली की रुळाचं टोक दबतं, उन्हात रूळ वाढतो, थंडीत आखडतो, आणि प्रत्येक वेळी त्या जुडग्याला वाकावं लागतं. जो वाकत नाही तो तुटतो.

टोपीत तारा बसवून त्यात वितळलेलं कथील ओतायचं, हे आमचं काम. आम्ही सहाजणी, प्रत्येकीची भट्टी वेगळी, मध्ये पत्र्याचे आडोसे. शेजारणीच्या ज्योतीने डोळे दिपू नयेत म्हणून ते लावलेत, पण त्यामुळे शेजारीण काय करते तेही दिसत नाही. कथलाची एक खोड आहे. तारांमध्ये जागा दिसली की ते वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. वर चढून थिजलं की मऊ जुडग्याचा दांडा होतो. म्हणून ओतण्याआधी टोपीच्या अगदी वर तारा एका चिमट्यात पकडायच्या. चिमट्याच्या तोंडांना जाड कापड गुंडाळलेलं असतं, ते पाण्यात भिजवून घ्यायचं. गार लागलं की कथील तिथेच थांबतं. झालं, एवढीच विद्या. पण एवढ्यावर गाड्या चालतात.

प्रत्येकीने आपल्या टोपीवर आपला नंबर ठोकायचा. माझा चार. आणि दर शनिवारी काटेवाला सगळ्यांचे बाँड मापतो. भिंतीलगत एक जुना रूळ आडवा ठेवलाय, त्यावर फुटांच्या खुणा आहेत. बाँडमधून आणि रुळातून एकच वीज सोडायची, आणि रुळावर एक टोक सरकवत न्यायचं. यंत्राचा काटा शून्यावर आला की थांबायचं. जिथे थांबला, तितक्या फुटांच्या रुळाइतका त्या बाँडचा अडथळा. फूट जितके कमी तितका बाँड चांगला, आणि सहाच्या वर गेला की भंगारात. आकडे दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहितात, आणि जिचा आकडा सगळ्यांत कमी ती पुढचा आठवडा खिडकीजवळच्या भट्टीवर बसते. तिथे वारा येतो. चौदापैकी निदान अकरा वर्षं मीच त्या खिडकीत बसले असेन. साडेचार फूट, कधी चार आणि थोडं वर. माझ्या खाली कोणी गेलं नव्हतं.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि आमच्या दोन खोल्यांत चार ताटांची पाच झाली. दिसायला बरी, बोलायला गोड, आणि झोप अशी की उशीला डोकं टेकलं की मेली. मला ती झोपसुद्धा सहन व्हायची नाही. सासूबाई माझ्या हातचं जेवून चौदा वर्षांत एकदाही बरं म्हणाल्या नाहीत, पण हिने पाणी तापवलं तरी त्यांना त्यात चव लागायची. दीर तिच्यासाठी येताना काहीतरी घेऊन यायचा. माझे यजमान येताना फक्त डबा घेऊन यायचे, तोही न घासलेला.

दिराचं काम सुटलं तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की थोरलीने धाकटीला कारखान्यात लावून घ्यावं. आमच्याकडे एक भट्टी रिकामी होतीच. कारखान्याचे मास्तर म्हणाले, घेऊन या, शिकवायचं मात्र तुम्ही. घर कमी होतं म्हणून आता कारखान्यातही ही माझ्या मानगुटीवर.

शिकवलं मी. तारा कशा झटकायच्या, राळ किती लावायची, आंच कशी ओळखायची, टोपी कधी फिरवायची, सगळं. खोटं बोलत नाही, मन लावून शिकवलं. आणि ती पटापट उचलत होती, हे बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. मला जे शिकायला दोन महिने लागले होते ते हिने चार दिवसांत केलं. पाचव्या दिवशी आडोशातल्या खिळ्याला टांगलेल्या चिमट्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ताई, हा कशाला?"

माझं उत्तर तयार नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ते आपोआप आलं.

"हात भाजू नये म्हणून," मी म्हटलं. "नवशिक्या वापरतात. तुला नाही लागणार."

ती खूश झाली. नवशिकी नाही म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? चिमटा खिळ्यालाच राहिला.

माझा हिशोब सरळ होता. कथील वर चढेल, कुठेतरी ओघळेल, वेष्टणावर डाग दिसतील, काटेवाला नाक मुरडेल, आठ दिवसांत मास्तर म्हणतील की बाई, तुमच्या जावेला हे काम जमत नाही. मग ती घरी आणि मी खिडकीत. कोणाचं काही बिघडलं नसतं. मीच सासूबाईंना म्हटलं असतं की जाऊ द्या, सगळ्यांनाच सगळं येत नाही.

शनिवारी काटेवाल्याने अकरा नंबरचा बाँड लावला. अकरा म्हणजे धाकटी; सोडून गेलेल्या बाईचा नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. तो टोक सरकवत गेला आणि चारच्या खुणेआधीच थांबला. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. पावणेचार. त्याने चष्मा पुसला. दुसरा लावला, तोही पावणेचार. तिसरा साडेतीन.

करायला गेले काय आणि झालं काय. मला नंतर उमगलं. वर चढलेलं कथील प्रत्येक तारेला दुसरीशी चिकटवतं, विजेला चांगली सलग वाट मिळते. काट्याला तेच आवडतं. काट्याला फक्त वीज कळते, वाकणं कळत नाही. पूर्वी आमची मुकादमीण प्रत्येक बाँड हातात घेऊन कानाजवळ तीनदा वाकवायची आणि मगच पुढे पाठवायची. गेल्या वर्षी बाईंची नजर अधू झाली, आणि मास्तर म्हणाले की यंत्र आहेच, उगाच हात कशाला दुखवता. तेव्हापासून कोणी वाकवत नव्हतं. डागही दिसेनात, कारण हिची सफाई अशी की कथील जिथे चढायचं तिथे ते सगळं वेष्टणाच्या आत.

सोमवारी धाकटी खिडकीत बसली. वाऱ्याने तिचे केस उडत होते आणि ती ते मनगटाने मागे सारत होती. मी तिच्या जागी कोपऱ्यात बसले. खिडकीची भट्टी सगळ्यांच्या पुढे, आडोशांबाहेर; दिवसभर मला तिची पाठ दिसत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना माझी पाठ दिसत होती तेव्हा त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. माझ्या मनात फक्त तिची पाठ होती.

त्यात मुकादमीणबाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांची जागा मला मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. कोणी लिहून दिलं नव्हतं, पण बायका मला आत्तापासून चहा आधी द्यायच्या. मला ती जागा हवी होती. का हवी होती हेही सांगते. घरात मी थोरली होते ती वयाने. कोणीतरी माझं काम बघून मला मोठं म्हणावं, असं मला एकदा हवं होतं. आणि मास्तरांनी जाहीर केलं की यंदा मुकादमीण आकड्यांवरून ठरेल, दोन महिन्यांची सरासरी काढून. यंत्र आहे, मग कुरकुर कशाला.

पुढचे शनिवार सांगण्यात अर्थ नाही. अकरा नंबर साडेतीन, चार नंबर साडेचार. अकरा नंबर तीन आणि थोडं वर, चार नंबर साडेचार. एकदा मास्तर माझ्या आडोशात आले आणि फार मायेने म्हणाले की तुम्हीही एकदा जावेकडे बघा, तिचा हात हलका आहे. रात्री जेवताना माझ्या यजमानांनीही तेच म्हटलं, हात हलका. कुठून ऐकलं होतं कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, मी तर पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मी उठून भांडी घासायला घेतली आणि इतक्या जोरात घासली की एका पातेल्याची कडी निखळली.

आणि बोलायची सोय नव्हती. काय सांगणार? की हिचे बाँड खोटे आहेत? कसे? चिमटा वापरत नाही. का वापरत नाही? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एकदा दुपारच्या सुट्टीत तिच्या ढिगातला एक बाँड उचलून मी वाकवला. टोपीपासून चार बोटांपर्यंत तो वाकलाच नाही. पाचव्या बोटावर एकदम वाकला, आणि आतून करकर ऐकू आली. तिथेच तुटणार, मला दिसत होतं. दोन महिने, फार तर चार. त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी बाँड जागेवर ठेवला आणि डबा उघडला. जेवण गेलं नाही. पण तोंडही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते कोणालाच ठाऊक नाही. मी माझा चिमटा बाजूला ठेवला आणि एक बाँड तिच्यासारखा केला. कथील कसं मजेत वर चढत गेलं. गार झाल्यावर मी चार नंबरचा ठसा घेतला, टोपीवर टेकवला, हातोडी उचलली आणि तशीच बसून राहिले. तीन फूट आला असता तो, मला खात्री होती. खिडकी परत मिळाली असती, मुकादमीणही झाले असते. पण त्या दांड्यावर माझा चार ठोकायला हात उठेना. तो मी भंगारात टाकला. हे ऐकून कोणी मला प्रामाणिक म्हणू नये. माझ्या नंबराची मला लाज होती, एवढंच. तिच्या नंबराखाली तसले शेकडो बाँड पेटीत भरले जात होते आणि मी ते रोज बघत होते.

दोन महिन्यांनी मुकादमीणबाई गेल्या आणि धाकटी मुकादमीण झाली. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती माझ्यापाशी आली, वाकून नमस्कार करायला लागली आणि म्हणाली की ताईंनी शिकवलं म्हणूनच हे झालं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, सुखी राहा.

आता घरी जाताना ती अर्धं पाऊल पुढे चालते असं मला वाटायला लागलं. कदाचित ती पूर्वीसारखीच चालत असेल.

तिला मुकादमीण होऊन सहा आठवडे झाले नसतील, तेव्हा एक पेटी परत आली. उतारावरच्या मार्गावर गाड्या रखडायला लागल्या होत्या, जोडाजवळ ठिणग्या दिसायच्या. वेष्टणं सोडली तर आत तारा तुटलेल्या. टोपीपासून चार बोटांवर, सगळ्या एका जागी. सदतीस बाँड, सगळ्यांवर अकरा. आणि पेटी आणणाऱ्याने सांगितलं की रुळाच्या टोळीतल्या एका माणसाने असल्या एका जोडाच्या पट्ट्या सोडल्या. बाँड शाबूत आहे असं त्याला बाहेरून वाटलं. दोन हातांनी दोन रूळ धरले आणि वीज त्याच्यातून गेली. माणूस वाचला. तीन दिवस त्याला हातात चमचा धरता येत नव्हता.

चमचा. तोपर्यंत मी धाकटीचा अपमान होईल, मास्तर चिडतील, एवढंच मनात आणत होते. रुळाशी कोणी माणूस वाकून बसतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याला हिशोबात धरलं नव्हतं.

मास्तरांनी भट्ट्या बंद केल्या आणि निवृत्त मुकादमीणबाईंना घरून बोलावून आणलं. आम्हा सहाजणींना उभं केलं. धाकटीला म्हणाले की एक बाँड आमच्यासमोर कर. तिचा चेहरा उतरलेला होता. तिने तारा झटकल्या, राळ लावली, टोपी तापवली, कथील ओतलं. बाईंना नीट दिसत नव्हतं म्हणून त्या जवळ वाकून उभ्या होत्या. त्यांनी बाँड हातात घेतला, कानाशी नेला, वाकवला आणि खाली ठेवला.

"चिमटा कुठे आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

धाकटीने खिळ्याकडे बघितलं. तिथे चिमटा होता, त्याचं कापड पाच महिन्यांत वाळून कडक झालेलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, आपण रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर बघतो तेवढाच. पण तेवढ्यात तिला सगळं कळलं. मी खाली बघितलं.

मास्तरांनी विचारलं की चिमटा वापरायचा असतो हे तुला कोणी सांगितलं नाही का. तुला शिकवलं कोणी?

"ताईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मीच आळस केला. रोज भिजवायचा कंटाळा आला मला."

 शेवटच्या भट्टीवाली हळूच म्हणाली की बघा, आपल्या अंगावर घेतलं, पण थोरलीचं नाव येऊ दिलं नाही. म्हणजे तिलाही शंका आली होती. आणि तिच्या आवाजात असं काही होतं, जे माझ्याबद्दल बोलताना कोणाच्याही आवाजात कधी आलं नव्हतं.

मास्तर म्हणाले की मग तुला घरी जावं लागेल. ती मान हलवून हातमोजे काढायला लागली.

इथे मला रडू यायला हवं होतं, किंवा पाय धरायला हवे होते. मला काय झालं ते सांगते. मला तिचा इतका हेवा वाटला, इतका, की त्या खिडकीचा, त्या आकड्यांचा, सासूबाईंच्या कौतुकाचा सगळा हेवा त्यापुढे काहीच नव्हता. कामात ती पुढे गेली, घरात पुढे गेली, आणि आता चांगुलपणातही? मी तिचा घात केला आणि तिने मला वाचवलं, हे घेऊन मी उद्या सकाळी उठायचं? परवा उठायचं? मरेपर्यंत उठायचं? ती चुलीपाशी उभी असणार, एक शब्दही बोलणार नाही, आणि मी तिच्या हातून चहा घेणार?

"ती खोटं बोलते," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी मास्तरांना सांगितलं की तिने विचारलं होतं. चिमटा कशाला, असं तिने मला स्वतः विचारलं होतं, आणि मी सांगितलं की तुला लागणार नाही. मुद्दाम सांगितलं. बाँड तुटणार हे मला तीन महिन्यांपासून ठाऊक होतं. मी वाकवून बघितला होता.

मास्तरांना ते आधी पटेना. चौदा वर्षांत त्यांनी माझा एक बाँड परत आलेला पाहिला नव्हता. त्यांनी मुकादमीणबाईंकडे बघितलं. बाई त्यांच्या अधू डोळ्यांनी माझ्या दिशेने बघत म्हणाल्या, "तिला ठाऊक असणारच. मीच शिकवलंय तिला." त्यांचा आवाज चढला नाही. मला तो चढलेला परवडला असता.

निकाल लगेच लागला. धाकटीची मुकादमी गेली, पण नोकरी राहिली. तिने पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, मुकादमीणबाई महिनाभर येऊन शिकवणार. माझा चार नंबरचा ठसा मास्तरांनी मागून घेतला. मला भट्टीवरून काढून तारा कापायला बसवलं, तिथे नंबर ठोकायचा नसतो. आणि मुकादमीण झाली शेवटच्या भट्टीवाली, जिचा आकडा जन्मात कधी साडेपाचच्या खाली आला नव्हता. दोघींचं भांडण, तिसरीचा लाभ.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या एकत्र निघालो. दुसरा रस्ता नव्हता, आणि घर एकच होतं.  कारखान्याच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. चुकले म्हणायचं, की माफ कर म्हणायचं, की आधी तिने काही म्हणण्याची वाट बघायची. टाकीपाशी ती थांबली.

"तुम्ही कशाला बोललात?" तिने विचारलं. ती रागावली होती. मी तिला सहा वर्षांत रागावलेली पाहिली नव्हती.

मी म्हटलं, खरं होतं ते सांगितलं.

"काही गरज नव्हती. मी निस्तरलं होतं सगळं."

"तुझी नोकरी गेली असती."

"जाऊ दे ना नोकरी," ती म्हणाली. "ताई, सहा वर्षं त्या घरात मी काय ऐकतेय ठाऊक आहे? भांडं कुठे ठेवायचं, थोरलीला विचार. पैसे कसे पुरवायचे, थोरलीकडून शीक. मी पाणी तापवलं तरी सासूबाई छान म्हणतात, का? कारण मला त्याहून जास्त काही येईल असं त्यांना वाटतच नाही. लहान मुलाला म्हणतात तसं म्हणतात. तुम्हाला कधी काही म्हणत नाहीत, कारण तुमचं सगळं बरोबरच असतं. आज पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी आलं होतं. घरी बसले असते मी, खुशाल बसले असते. पण रोज डबा घेऊन निघताना तुम्हाला माझ्याकडे बघावं लागलं असतं. जन्मभर. मला तेवढंच हवं होतं, आणि तेही तुम्ही ठेवलं नाहीत."

 माझ्या समोर उभी असलेली ही बाई मी कधी पाहिली नव्हती. जिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते, ती कोणी दुसरीच होती. त्या घरात हेवा करणारी मी एकटीच आहे, असं मी धरून चालले होते. मोठा गर्व होता म्हणायचा.

मग मीही सांगून टाकलं. म्हटलं, "मी खरं बोलायचं म्हणून नाही बोलले. तू एवढी मोठी होशील ते मला बघवलं नसतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर राग येतोय. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं."

टाकीचा नळ गळत होता. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि नळ घट्ट पिळून बंद केला. घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. आज उशीर का, त्यांनी विचारलं. धाकटी त्यांच्या एका बाजूने आत शिरली, मी दुसऱ्या.